आभारातून पडलेला गोरा

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सॅपर, लान्स नायक लांजेवार, बॉम्ब डिस्पोजल तुकडीचा ऑपरेटर. आमचा तात्पुरता मुक्काम भंडाऱ्यात होता: सहा माणसं, एक थ्री-टन गाडी, एक टेलिफोन. मी मूळचा लाखांदूरचा, त्यामुळे पोस्टिंग घराच्या अंगणातच. तुकडीप्रमुख हवालदार मोहिते साताऱ्याकडचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. कामात कडक, एरवी चेष्टेखोर. आमच्या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो, यावरून ते रोज माझी फिरकी घ्यायचे. मी आभाळाला आभार म्हटलं की हात जोडायचे. “आभारी आहोत, लांजेवार.” वर्षभरात मी हट्टानं ‘ळ’ म्हणायला शिकलो. त्याची मला घमेंडही होती.

डिसेंबरची दुपार, तीन वाजून दहा मिनिटं. फोनवर तुमसरकडचा एक पोलीस शिपाई होता. लाइनला खरखर फार.

“आभारातून मोठा गोरा पडला जी. फुटला नाही. जमिनीत गेला.”

“कुठे?”

“बपेऱ्याहून दिसला, आंबागडहूनही दिसला. पडला कोठी ते मालूम नाही.”

मी शिकल्याप्रमाणे ‘र’चा ‘ळ’ केला. आभाळ. गोळा. हेच माझी आई बोलली असती, तर मला आगीचा लोळ दिसला असता. पण सैन्यात नऊ वर्षं झाली होती आणि तिथे गोळा म्हणजे तोफेचा. मेसेज पॅडवर मी लिहिलं: एक शेल, न फुटलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही बपेऱ्यात होतो. ज्यांनी तो पाहिला त्यांना उस्तादांनी होते तिथेच उभं केलं आणि तो गेला त्या दिशेला हात करायला लावला. प्रत्येकाच्या हाताखाली कंपास धरून त्यांनी बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेतला. आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी पुन्हा तेच. मग नकाशावर पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. त्या जिथे एकमेकींना कापत होत्या, तिथे धानाची कापलेली बांधी, भाताचं खाचर, निघाली. बांधीत एक भोक होतं, घागर जाईल एवढं. पलीकडे बोडी, म्हणजे छोटं तळं, काठोकाठ भरलेली.

बांधीचे मालक सदारामजी म्हातारे, पण ताठ. ते माझ्याकडे आले.

“गोटा हाय तो, बापू. बांबू घालून पाह्यलो मी, ठक वाजला. कायले आमाले हाकलून राहिले?”

गोटा म्हणजे दगड. ते ऐकताच मला मेसेज पॅड आठवलं. शेल हा शब्द शिपायाचा नव्हता, माझा होता. उस्तादांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नऊ वर्षांत माझा एकही मेसेज चुकला नव्हता. मला लाज वाटली आणि मी गप्प बसलो.

ड्रिल सुरू झालं. लाल झेंडी वर असेपर्यंत तीनशे यार्डांच्या आत कोणी यायचं नाही. तीन लांब शिट्ट्या म्हणजे आणखी लांब पळायचं. खड्ड्यात दोनच माणसं. भोकाच्या शेजारून उभा चर खणायचा, फळ्यांचा आधार देत खाली जायचं. उस्तादांनी मला बरोबर घेतलं.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी बोडीकडची भिंत बसली. आवाज फारसा झाला नाही. फळ्या वाकल्या आणि ओली माती आत आली. मी छातीपर्यंत गाडला गेलो. उस्ताद समोर, गळ्यापर्यंत. एक फळी त्यांच्या छातीवर आडवी दाबून बसली होती.

मी ओरडलो. मग घाबरून, गळ्यातली शिट्टी तोंडात धरून जोरात वाजवली. एक, दोन, तीन. दुरून माणसांचा आरडाओरडा ऐकू आला. तो लांब लांब गेला.

“शाबास,” उस्ताद म्हणाले. “पळवलंस सगळ्यांना.”

झेंडी वर होती, म्हणजे कोणी येणार नव्हतं. माती थंड होती आणि पाणी झिरपत होतं. श्वास सोडला की माती तेवढी जागा घ्यायची, परत द्यायची नाही. वर चौकोनी आकाश, चारपाईएवढं. मी फार भ्यालो होतो.

“उस्ताद, तो शेल नाही. फोनवर गोरा म्हणाला होता. शेल मी लिहिलं.”

त्यांनी तोंडातली माती थुंकली.

“म्हणजे दगड?”

“हो.”

“मग बरंय. फुटणार तरी नाही.”

त्यानंतर त्यांचा आवाज बारीक होत गेला. त्यांना मान वर करता येत नव्हती.

“वर काय दिसतंय, लांजेवार?”

“आभाळ.”

“तुझ्या बोलीत सांग.”

“आभार, उस्ताद.”

“आभार,” ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

दोन वाजून पाच मिनिटांनी कडेवर सदारामजींचं डोकं दिसलं. मागे वळून ते आमच्या जवानांवर ओरडत होते, “गोटा हाय म्हन्तो ना! काहून भेऊन राहिले?” हुकूम मोडून तेच पहिले आले होते, फावडं घेऊन. त्यांच्यामागे सगळे धावले. मला जिवंत काढलं. उस्तादांना काढलं तेव्हा ते गेले होते.

दगड नंतर निघाला. काळा, नारळाएवढा. शास्त्रज्ञ आले, तो घेऊन गेले. दगड कोणत्या वाटेनं आला ते काढायला त्यांनी उस्तादांच्या दोन रेघाही उतरवून घेतल्या. चौकशीत मी सगळं सांगितलं. सजा झाली, ती मी भोगली. तिनं मन हलकं झालं नाही.

पुढच्या सुट्टीत मी साताऱ्याकडे उस्तादांच्या घरी गेलो. मेसेजचं वहिनींनाही सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग विचारलं, “शेवटचं काय बोलले?”

“आभार,” मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “त्यांचा स्वभावच तसा. सगळ्यांचे आभार मानून गेले.”

मी ‘र’चा ‘ळ’ केला नाही.