फ्रेंचीण काय म्हणली

आमची नात पुस्तक वाचता वाचता एकटीच हसायची. साधं हसणं नाही, भिंतीला टेकून, डोळ्याला ओढणी लावून. "काय झालं गं?" विचारलं की सांगायला बसायची. सांगून झालं की मी तसाच आणि तीही तशीच.

"आबा, मराठीत सांगताना त्यातलं हसू सांडून जातं."

"मंग दुसरं भांडं घे," मी म्हणायचो. त्यावर मात्र ती पोट धरून हसायची. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला समजलं नाही.

ती संभाजीनगरला विद्यापीठात फ्रेंच शिकत होती. गावानं तिचं नाव फ्रेंचीण पाडलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण गावात माझ्या शब्दाला वजन आहे. त्यामुळं चौकातल्या टपरीवर लोक मलाच धरायचे. "आबा, फ्रेंच शिकून पोरगी होणार तरी कोण?" डॉक्टरीण होणार असती तर सांगता आलं असतं. मी चहा संपवायचो, मिशा पुसायचो आणि म्हणायचो, "ते तुम्हाला समजायचं न्हाई." मला तरी कुठं समजलं होतं? पण ते काय टपरीवर सांगायचं असतं!

सुट्टीत ती कपाशीच्या क्रॉसिंगला शेतात यायची. नर फुलं खुडून मादी फुलांवर फिरवायची, कंपनीसाठी बियाणं धरायचं काम. हात गुंतलेले, तोंड मोकळं. मग हिच्या फ्रेंच कविता सुरू. बायका म्हणायच्या, "आबा, फ्रेंचीण मंतर टाकून राह्यली, औंदा बोंडं गोरी लागतील." त्या साली कंपनीनं आमचं बियाणं एका फटक्यात पास केलं. तेही मी टपरीवर सांगितलं.

एकदा तिनं अभ्यासातली एक गोष्ट सांगितली. एक बाई खिडकीत बसलेली असते. नवरा घरी येतो. ती म्हणते, उशीर झाला. तो टोपी खुंटीला लावतो. संपलं.

"मंग पुढं?"

"पुढं काही नाही, आबा."

"भांडण?"

"नाही."

"मंग सर शिकवतात काय?"

"ती टोपी. त्यानं कशी लावली, ते."

त्या टोपीचा मी लई विचार केला. अजूनही करून राह्यलो.

तिचं शेवटचं वर्ष संपलं आणि मंठ्याचं स्थळ आलं. तिला हैदराबादला एम.ए. करायचं होतं, नंबरही लागला होता. तिचा बाप म्हणाला, "आबा म्हणतील तेच." आमच्या घरात तशीच रीत आहे. मी म्हणालो, "आधी पाहुणे येऊ तर द्या."

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाचा मामा जरा हौशी होता. "ऐकू द्या की फ्रेंच!" म्हणाला. नात माझ्याकडं बघत बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मी मधून मधून मान हलवत होतो, "बराबर, बराबर."

"काय म्हणली, आबा?" मामानं विचारलं. सगळी बैठक माझ्याकडं वळली. मला माहीत न्हाई, असं मी उभ्या जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. म्हणालो, "ती म्हणती, आबा म्हणतील तेच."

मामानं मांडीवर थाप मारली. "पोरगी असावी तर अशी! आजच सुपारी फोडू."

मी "आलो" म्हणून आत गेलो. नात कप विसळत होती.

"खरं काय म्हणलीस?"

"म्हणाले, माणसं चांगली आहेत, पण मला आत्ता लग्न नको, शिकायचंय. मी काय शिकते ते माझ्या आजोबांना कळत नाही, तरी त्यांनी मला कधी अडवलं नाही."

"मंग मी तसं सांगितलं तवा बोलली का न्हाईस?"

"चारचौघांत तुम्हाला खोटं पाडू? आता तुम्ही सांगितलं तेच मी म्हणाले. आबा म्हणतील तेच. म्हणा आता."

आणि तिनं पुढचा कप घेतला.

बाहेर सुपारी ताटात तशीच होती. मी म्हणालो, "पोरगी हैदराबादला शिकायला जाणार."

मामा उठलाच. "अहो, मघाशी ती काय म्हणली?"

"आबा म्हणतील तेच, म्हणली. आबा हे म्हणून राह्यले."

ते पाहुणे पुन्हा आमच्या वाटेला आले नाहीत. मी भलतंच सांगितलं, असं माझा मुलगा अजून म्हणतो. भलतं कसं? झालं तर बिलकुल तसंच.

जालन्याच्या स्टेशनावर गाडी हलली, तेव्हा तिनं खिडकीतून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं. "मराठीत बोल की!" मी ओरडलो. "तुम्हाला येतं की, आबा!" आणि गाडी गेली. बायकोनं माझी बाही धरली.

"काय म्हणली हो?"

"जल्दी येते म्हणली."

हैदराबादहून ती पुढं फ्रान्सला गेली. तिथं काय करते, ते फोनवर नीट उमगत नाही. सणाला फोन येतो, ती येत नाही. "नक्की जल्दी येते हेच म्हणली होती ना?" बायको अजून विचारते. "फ्रेंच तुला येतं का मला?" मी म्हणतो.

परवा चौकातून घरी आलो, तर बायको खिडकीत बसून रस्त्याकडं बघत होती. "उशीर झाला," म्हणाली. मी टोपी खुंटीला लावली, पण हात लवकर खाली येईना. नात इथं असती तर विचारलं असतं, त्या गोष्टीतली बाई खिडकीत वाट बघत होती, ती नवऱ्याचीच का?