जिभेने काढलेला काटा

बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी पोटात दुर्बीण घालून झाल्यावर माझ्या दातांवरचं किटणही खरवडलं, तेव्हा मी वैतागलेच. "बाई, दुखतंय पोट. दातांना काय धाड भरलीय?" त्या हसल्या. जठराला सूज आणणारा जंतू कधीकधी तोंडातही सापडतो, म्हणाल्या.

रिपोर्ट आला. जंतू पोटात होता आणि तोंडातही. "गोळ्या पूर्ण घ्या, बरं वाटेल," असं म्हणून त्यांनी सहज विचारलं, "घरात लहान मूल आहे का? त्याला चावून काही भरवत नाही ना?"

"चावूनच तर भरवते," मी म्हणाले.

आम्ही सातपाटीचे. आमच्या घरात मूल मासा खायला शिकतं ते आईच्या तोंडातून. भिंग माशाचे केसासारखे काटे बोटांना लागत नाहीत, जिभेला लागतात. आई घास चावते, काटे काढते आणि तो मऊ घास लेकराच्या तोंडात घालते. माझी तीन वर्षांची लेक अशीच वाढली होती, आणि हल्ली तीही पोट धरून रडायची.

तोंडातूनच लागण होते असं छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या खऱ्या. पण मला कुठलं ऐकू येतंय! लेकीची तपासणी पालघरला करून घेतली. रिपोर्ट येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तिचा मुका घ्यायचीही भीती वाटायची. सासूबाई करवादल्या, "आमी सगली पोरं चावूनच वाढवली. मेलं का कोन?"

लेकीला लागण झालेली नव्हती. मी दवाखान्यातच बाकावर बसून ढसाढसा रडले.

घरी आलो तर सासूबाईंनी भिंगाचं कालवण करून ठेवलेलं. मी उजेडात धरून, बोटांनी चिवडून चिवडून काटे काढले आणि लेकीला भरवायला बसले. दुसऱ्याच घासाला ती खोकायला लागली. डोळे पांढरे झाले, तोंडातून लाळ गळायला लागली. अगं बाई गं! सासूबाईंनी तिला पालथी धरून पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा कुठे काटा बाहेर पडला.

लेक हुंदके देत माझ्या मांडीवर चढली. भूक होतीच. ताटाकडे बोट करून म्हणाली, "आये, तू चाव ना."

माझ्या गोळ्या अजून संपायच्या होत्या. मी तोंड घट्ट मिटून घेतलं, तर ती दोन्ही हातांनी माझे ओठ उघडायला लागली.