सोळा तासांची विश्रांती

चॅटर्जी सरांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. "गुरुवारी मी हायकोर्टात अडकलोय, रेवती. ही साक्ष तू घे." सर निघूनही गेले. त्या दिवशी सोमवार होता. सरांच्या सियालदहच्या ऑफिसात मला तीन वर्षं झाली होती आणि तोवर मी एकटीने एकही साक्ष घेतली नव्हती.

क्लायंट शिवपूजनजी, ट्रेलरचे ड्रायव्हर. खिदिरपूर डॉकमधून कंटेनर घेऊन बजबजच्या एका जूट मिलकडे निघाले होते. सकाळी नऊ वाजता, सरळ रस्त्यावर, कडेला उभ्या डंपरवर आदळले. उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

अशा वेळी ड्रायव्हरला दोन वाटा असतात. एक, मोटार अपघात ट्रिब्यूनल. तिथे दुसऱ्या कोणाची तरी चूक दाखवावी लागते. दुसरी, कामगार भरपाईचे कमिशनर. तिथे चूक कोणाची हे सहसा बघत नाहीत. कामावर असताना इजा झाली एवढं पुरतं. दोन्हींकडे मागता येत नाही. आम्ही दुसरी वाट धरली होती. तिच्यातही एक फट आहे. अपघात दारूमुळेच झाला असं ठरलं, तर भरपाई जाऊ शकते. मालकाच्या विमा कंपनीने नेमकं तेच धरलं. इमर्जन्सीच्या कागदावर कोणीतरी घाईत लिहिलं होतं, 'दारूचा वास?' ब्लड टेस्ट मात्र कोणी केलीच नव्हती.

त्यात शिवपूजनजींनी पोलिसांना ब्रेक फेल झाल्याचं सांगितलेलं. तपासणीत ब्रेक ठीक निघाले. आता ते खरं बोलले तरी कोण ऐकणार?

मालकाने गाडीच्या जीपीएसचा प्रिंटआउट दिला होता. कंटेनर घ्यायला आत जाण्याआधी डॉकच्या गेटबाहेर ट्रेलर सोळा तास उभा. शेरा: 'ड्रायव्हर विश्रांती'. मंगळवारी मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटच्या रकान्यात इंजिन चालू-बंद झाल्याच्या वेळा होत्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्रेचाळीस वेळा.

बुधवारी शिवपूजनजी कुबड्या घेऊन आले. आम्ही हिंदीत बोलत होतो.

"अपघाताच्या आधी शेवटचं कधी झोपला होतात?"

"झोपेचा प्रश्नच नाही, बिटिया. बावीस वर्षं गाडी चालवली."

"गेटच्या लाइनीत गाडी सारखी चालू-बंद का केली?"

"लाइन सरकते ना. चार हात पुढे, परत बंद. नाही सरकलं तर मागचा घुसतो. आई-बहिणीवरून शिव्या वेगळ्या."

"म्हणजे झोपलाच नाहीत."

त्यांनी कुबड्या टेबलाला टेकवल्या. मग म्हणाले, "लिहायचंच तर दारू लिहा."

"काय?"

"प्यायलेल्या ड्रायव्हरला लोक हसतात. स्टिअरिंगवर झोपला त्याला कोणी गाडी देत नाही. माझा जावई याच धंद्यात आहे. त्याला काय म्हणतील?"

झोप कबूल केली तर त्यांच्यावर चालू असलेल्या पोलीस केसमध्ये त्रास होईल, हेही मला सांगणं भाग होतं. "मग मिटलंच," ते म्हणाले. ब्रेकची गोष्ट शपथेवर लिहायला मी नकार दिला. प्रतिज्ञापत्रात दारू प्यायलो नव्हतो एवढंच गेलं. अपघात का झाला, ते लिहिलंच नाही.

गुरुवारी विमा कंपनीचे वकील उभे राहिले. फार गोड बोलतात.

"सोळा तास आराम. रस्ता सरळ. ब्रेक ठीक. लख्ख ऊन. मग काका, किती घेतली होती?"

दोघं-तिघं हसले. मालकाचा मुनीमही हसला. शिवपूजनजी त्याच्याकडे वळले.

"आराम? मुनीमजी, तुम्ही सांगा, त्या लाइनीत कोण आराम करतं? तुम्हालाच फोन केला होता ना मी? बदली माणूस पाठवा म्हणून?"

मुनीम हसायचा थांबला.

"सो गया था, साहब," ते कमिशनरांना म्हणाले. "दारू नहीं. नींद."

मी उठून प्रिंटआउट वाचायला लागले. "जरा मोठ्याने," कमिशनर दोनदा म्हणाले. दोन चाळीस चालू, दोन त्रेचाळीस बंद. तीन पाच चालू, तीन नऊ बंद. बाराव्या वेळेला त्यांनी हात वर केला आणि कागद स्वतःकडे मागून घेतला. उरलेल्या वेळा ते बोट फिरवत मनातल्या मनात वाचत होते. तोवर मी उभीच.

चार महिन्यांनी ऑर्डर आली. दारू सिद्ध नाही, इजा कामावर झाली, भरपाई व्याजासकट द्या. पोलीस केसमध्ये शिवपूजनजींना दंड झाला आणि उजवा पाय नसलेल्या त्या माणसाचं लायसन्स काही महिन्यांसाठी निलंबित झालं. जावयाला कोणी काही बोललं नाही. मालकाने आता जीपीएसच्या कागदातला शेवटचा रकाना छापणं बंद केलंय.

नवीन ड्रायव्हर क्लायंट आला की अपघात कसा झाला हे मी नंतर विचारते. आधी विचारते, त्याआधी सलग किती तास झोपला होतात. बहुतेक जण पहिल्यांदा खोटं सांगतात. मी दुसऱ्या उत्तराची वाट बघत थांबते. ते मला जमतं.