वहिनीचा आवाज ट्रॅक्टरवर वाजला

मंडळी, सकाळपासून डोकं सुन्न हाय.

आज दादा-वहिनी ऊसतोडीला निघाले. आमच्या अण्णांना, म्हणजे वडलांना, दिसत न्हाई, म्हणून गोळीची आठवण वहिनीच्याच आवाजात एका छोट्या कॉम्प्युटर बोर्डात भरलेली. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर येणार होता. पण मी लिनक्स इतकं मोजकं टाकलं, की त्यात ब्लूटूथच न्हाई!

बाहेर ट्रॅक्टर सुरू. दादा ओरडतोय, "आटप बे!" वहिनी जायच्या आत हे चालायला पायजे होतं. ब्लूटूथचं पॅकेज टाकलं, बोर्ड पुन्हा चालू केला. स्पीकरचं नाव दिसताच जोडलं. अण्णा स्पीकरला कान लावून बसले. स्पीकर गप्प!

तेवढ्यात ट्रॅक्टरवरचं गाणं बंद पडलं आणि वहिनीचा आवाज गावभर घुमला, "मामा, गोळी घेतली का?"

ट्रॅक्टरवर आमच्यासारखाच स्वस्तातला स्पीकर. दोन्हीचं नाव एकच, मी त्यांचा जोडलेला.

अण्णा भिंत चाचपत दारात आले. "घेतली गं पोरी! तू गेली न्हाईस व्हय?"

ट्रॉलीत वहिनीनं तोंडाला पदर लावला.

आता बरोबर स्पीकर जोडलाय. संध्याकाळी आवाज आला, तर अण्णा पुन्हा उठून दारात गेले.

सांगा, हे कुठल्या कमांडनं दुरुस्त करू?