रहाटणीतली बदकं आणि आमचे घरमालक

आमच्या घरमालकांइतक्या झटकन आणि इतक्या मोठ्यांदा आनंदून जाणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा नसेल. पाण्याचा टँकर वेळेवर आला तरी ते ती बातमी ओरडत चार मजले चढून येत. घराणं रहाटणीतलं जुनं. शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या, पण आमच्या इमारतीमागचा एक तुकडा त्यांनी कुणालाही दिला नाही. तिथे सिमेंटचा हौद आणि अकरा बदकं. रोज सकाळी गल्लीतून त्यांची फेरी निघे: पुढे टोपी घातलेले मालक, मागे डुलत बदकं आणि त्यांच्यामागे आमची चाकणला जाणारी कंपनीची बस, मुकाट्याने. एकदा ड्रायव्हरने हॉर्न मारला, तर मालक खिडकीशी जाऊन म्हणाले, "भावा, नगं वाजवूस. अंड्यावर आल्यात त्या." तेव्हापासून आमच्या उशिराचं कारण सुपरवायझरनेही विचारणं सोडलं.

पण या उत्साहानेच गेल्या साली घात केला. पिल्लं निघाली त्याच दिवशी मालकांनी ती कौतुकाने कळपात सोडली आणि मोठ्या बदकांनी टोचून टोचून एकही शिल्लक ठेवलं नाही. मालक दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बजावलं, "पुन्हा असं झालं तर सगळी बदकं माझ्या भावाकडं मावळात जातील. तुमचं असलं त्वांड मला बघवत न्हाई."

म्हणून यंदा अंडी कळपापासून लांब, मागून आणलेल्या कोंबडीखाली ठेवली. मी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी जरा आडवा झालो होतो, तोच दारावर धडाधड थापा. "फुटली! भाऊ, फुटली!" पाण्याची पाइपलाइन फुटली समजून मी बादली घेऊनच पळालो. खाली खोक्यात नऊ पिवळे गोळे! त्यातला एक माझ्या कानाला लावून मालक म्हणाले, "ऐका! बोलतंय का न्हाई?" मग मीही नाचलो, बादलीसकट.

या वेळी मात्र त्यांनी धीर धरला; म्हणजे त्यांना जमला तेवढा. मध्ये जाळी लावली, पिल्लांना उबेला बल्ब आणि पाण्याला उथळ परात दिली. जाळीपाशी स्टूल टाकून ते रोज पिल्लांची ओळख करून देत, "ह्या तुमच्या आत्या. आन् त्यो मोठा नर दिसतोय ना, त्याच्यापासनं लांब ऱ्हायचं."

तीन आठवड्यांनी जाळी काढायची ठरली. मालकांनी इस्त्रीचे कपडे घातले. सगळे भाडेकरू गॅलरीत गोळा झाले; मी कामावरून आलो तो तसाच खाली मालकांशेजारी. जाळी निघाली आणि तोच मोठा नर मान खाली घालून थेट पिल्लांवर आला. "मालक, उचला!" मी ओरडलो. ते धावणार तोच मामींनी त्यांची बाही धरली, "थांबा की जरा!" एवढ्यात एक म्हातारी, पायाने अधू बदकीण, जी कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, फडफडत मध्ये घुसली. नराला तिने असं काही फैलावर घेतलं की तो चार पावलं मागेच सरला. मग ती सरळ हौदात उतरली आणि तिच्यामागे टुपूक, टुपूक, नऊच्या नऊ! गॅलऱ्यांतून शिट्ट्या, टाळ्या. मामी पदर तोंडाला लावून हसताहेत, आणि मालकांनी मला युनिफॉर्मसकट अशी मिठी मारली की खिशातलं पेन मोडलं.

दोन-अडीच महिन्यांनी मी कामावरून आलो, तर मालक हौदाच्या काठावर गप्प बसलेले. त्यांना गप्प पाहून मी घाबरलोच. "काय झालं, मालक?"

"काय न्हाई वो. आपली नऊ कुठली, त्येच वळखंना झालंय."

मीही पाहिलं. सगळ्यांना सारखीच पिसं, सारखीच ऐट. अंदाजाने एकीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी मान हलवली.

"मोठी झाली. चांगलंच हाय की," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी मूठभर गहू पाण्यावर टाकले. सगळी बदकं एकदमच धावली, आणि मालक एकेकाला निरखत बसले.