तोंडी बढती
कार्बन पेपरचा वास आला की भिलाईतली ती दुपार आठवते. पोलाद कारखान्याच्या फेररचनेत दोन विभाग एकत्र करून साहेबांनी मला दोन्हींचे प्रमुखपद देऊ केले, तेही तोंडी. अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे आधी लेखी द्यावे, असे पत्र मी घरी कार्बन लावून टंकू लागलो. पत्नी म्हणाली, "अहो, एवढी मोठी खुर्ची भेटून राहिली, अन् तुमी कागद कावून बडवून राहिले?" "आदेशाविना खुर्ची म्हणजे अतिक्रमण!" मी गरजलो. आठवड्याने आदेश निघाला. माझी प्रत्येक अट त्यात कलमवार मान्य होती. नाव मात्र माझ्या हाताखालच्या सहकाऱ्याचे होते. साहेब म्हणाले, "तुमचं पत्र आम्ही नकारच समजलो." त्या पत्रातला एकही शब्द मी आजही बदलणार नाही, पण निवृत्तीपर्यंत रजेचा प्रत्येक अर्ज त्याच सहकाऱ्यापुढे सहीसाठी ठेवावा लागला, तो संताप अजून शमलेला नाही.