धाकट्या जावंच्या जिभेवरला फोड

सकाळी सगळ्यात आधी आली ती बारामतीवरनं माझी नात कोमल. नर्स हाय माझी बाय! तिच्यासाठी शेंगदाण्याचं लाडू काढतीय, तवर लासुर्ण्याहून धाकटी जाऊ हिरा पण आली. मग काय, घर नुसतं भरलं बघा.

पण हिरानं लाडू घेतला न्हाय. कोमल म्हणाली, "धाकटे आज्जी, आ कर बरं." मोबाईलची बॅटरी मारून तिनं आत बघितलं. जिभेच्या कडंला पांढरी जखम. "किती दिवस झालं?"

"दोन महिनं. आक्का म्हणल्या, उष्णता हाय."

व्हय बायांनो, मीच म्हणलं. जाईचा पाला चघळायला दिला. ठणका थांबावा म्हणून माझ्याच डबीतली मिश्री लावायला दिली.

दुपारी तिघी बारामतीला दाताच्या डॉक्टरकडं गेलो. ते म्हणलं, तुटक्या दाढंची धार जिभेला घासतीय, त्यात मिश्रीचा तंबाखू. साधा फोड दोन आठवड्यात बरा होतो, न्हाय झाला तर तवाच दाखवायचं. कॅन्सर हाय का ते नुसतं बघून कळत न्हाय म्हणून जखमंचा बारीक तुकडा तपासायला काढून घेतला.

बाहेर आल्यावर सुईनं बधिर झालेल्या जिभेनं हिरा बोबडं बोलत म्हणती, "आक्का, तोंड कशाला पाडताय? दुखणं माझं हाय." मला काय हसू आलं न्हाय.

तुमच्या घरात कुणी असंच उष्णता म्हणून गप बसलंय का? आजच इचारा.

हिरा अन् कोमल दोघी पुढच्या सोमवारी रिपोर्ट घेऊन येतो म्हणल्यात. आज मंगळवारच हाय.